धीर देणारे इंग्रजी लिहिताना

सहकाऱ्याचे वडील गेल्याचे कळते आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश येऊ लागतात. त्यांत एक हमखास असतो : ‘हार्टी कंडोलन्सेस’. लिहिणाऱ्याच्या मनात ‘हार्दिक’ हा शब्द असतो. मराठीत तो अभिनंदनाला चालतो आणि श्रद्धांजलीलाही चालवून घेतला जातो. इंग्रजीतला ‘हार्टी’ मात्र आनंदाच्या बाजूचा शब्द आहे. भरपेट जेवण, खळखळून हसणे, जोरदार स्वागत यांना तो शोभतो. शोकसंदेशात तो आला की वाचणारा अडखळतो. तिथे ‘हार्टफेल्ट कंडोलन्सेस’ किंवा ‘सिन्सिअर कंडोलन्सेस’ लिहावे.

कामकाजाचे इंग्रजी आपल्यापैकी अनेकांना चांगले जमते. अहवाल, निविदा, मीटिंगचे वृत्तान्त आपण बिनचूक लिहितो. पण बंगळूरच्या सहकाऱ्याचे सांत्वन करायचे असते, लंडनच्या ग्राहकाचे अभिनंदन करायचे असते, न्यू जर्सीत वाढलेल्या भाचीला परीक्षेआधी हुरूप द्यायचा असतो, तेव्हा आपण तयार वाक्यांकडे वळतो. ही वाक्ये चुकीची नसतात. मात्र प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे आणि ते कुणी कुणाला म्हणायचे हेही ठरलेले आहे. मराठीत हे कुणी शिकवावे लागत नाही. आपण गुरुजींना ‘शाब्बास’ म्हणत नाही. इंग्रजीत मात्र साहेबांना ‘कीप इट अप, सर’ असे बिनदिक्कत लिहून जातो. मराठी बोलताना आपण जेवढे तारतम्य बाळगतो, तेवढेच इंग्रजी लिहिताना बाळगले तर निम्म्याहून अधिक चुका टळतील. उरलेल्या चुका व्याकरणाच्या आहेत आणि त्या सुधारणे सोपे आहे.

शोकसंदेश

सर्वांत जास्त काळजी इथे घ्यावी लागते, म्हणून आधी हेच.

‘आर.आय.पी.’ ही तीन अक्षरे इतकी सवयीची झाली आहेत की ती कुणाला उद्देशून आहेत याचा विचारच होत नाही. ‘रेस्ट इन पीस’ ही ख्रिस्ती परंपरेतली, थडग्यांवर कोरली जाणारी प्रार्थना. ती गेलेल्या माणसासाठी असते. आपली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ही गेलेल्यालाच वाहिलेली असते. ‘कंडोलन्सेस’ मात्र मागे राहिलेल्यांसाठी असतात. मित्राची आई गेली आणि त्याच्या फोनवर थेट ‘आर.आय.पी.’ पाठवले, तर मित्राला आपण काहीच म्हटलेले नसते. त्याच्याशी बोलायचे असेल तर ‘आय अ‍ॅम सो सॉरी अबाउट युअर मदर’ हे साधे वाक्य पुरते.

या वाक्यातल्या ‘सॉरी’मुळे काहींना अवघडल्यासारखे होते. माझी काही चूक नाही, मग सॉरी कशाला, असे वाटते. आपल्याकडे हा शब्द माफीपुरताच आला. इंग्रजीत ‘सॉरी’ म्हणजे वाईट वाटणेही आहे, आणि सांत्वनात त्याच्याइतका सरळ शब्द दुसरा नाही. ‘आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस’ हे वाक्यही बरोबर आहे. पण ते फार वापरून गुळगुळीत झाले आहे. ओळख जवळची असेल तर ‘लॉस’ऐवजी माणसाचा उल्लेख करावा : युअर फादर, युअर ब्रदर, किंवा नाव.

मृत्यूची बातमी कळवताना आपण ‘एक्स्पायर्ड’ लिहितो. भारतात कुणाला त्यात वावगे वाटत नाही. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला या शब्दावरून औषधाच्या वेष्टनावरची तारीख किंवा मुदत संपलेला पासपोर्ट आठवतो. ‘डाइड’ लिहिणे असभ्य नाही, आणि सौम्य हवे असेल तर ‘पास्ट अवे’ आहेच. ‘आपल्या दुःखात सहभागी आहोत’ याचे ‘वी पार्टिसिपेट इन युअर सॉरो’ हे शब्दशः रूपही टाळावे. पार्टिसिपेट होतात ते स्पर्धेत आणि चर्चासत्रात. ‘वी शेअर युअर सॉरो’ म्हणावे, किंवा त्याहून आतले ‘वी ग्रीव्ह विथ यू’.

‘अ‍ॅट लीस्ट’ या दोन शब्दांनी सुरू होणारे वाक्य शोकसंदेशात लिहूच नये. निदान त्रास फार झाला नाही, निदान वय झाले होते, निदान दुसरे मूल आहे. आपल्याकडे वडीलधारी माणसे ‘सुटले हो बिचारे’ म्हणतात. ते घरात बसून, पाठीवर हात ठेवून म्हटलेले असते आणि त्या हातामुळे ते सोसवते. कागदावर किंवा पडद्यावर हात नसतो, राहतो फक्त हिशोब. ‘एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन’ हेही याच जातीचे वाक्य आहे. ज्याचे माणूस गेले त्याने ते स्वतःच्या मनाशी म्हणावे, दुसऱ्याने त्याला सांगू नये.

मग काय लिहावे? अब्राहम लिंकन यांचे एक पत्र या बाबतीत वाचण्यासारखे आहे. 1862 च्या डिसेंबरमध्ये त्यांचे स्नेही विल्यम मॅककलो अमेरिकेच्या यादवी युद्धात मारले गेले. त्यांची तरुण मुलगी फॅनी दुःखाने पार खचली होती. लिंकन यांनी 23 डिसेंबरला तिला पत्र लिहिले. त्यात तिला खंबीर राहण्याचा आदेश नाही आणि वडिलांच्या हौतात्म्याचे व्याख्यानही नाही. दुःख सगळ्यांच्या वाट्याला येते, पण तरुणांना ते नकळत गाठते म्हणून अधिक झोंबते, हे ते मान्य करतात. काळाशिवाय यावर पुरता उतारा नाही हेही सांगतात. पुन्हा कधी बरे वाटेल यावर तुझा आज विश्वास बसणार नाही, पण ते खरे आहे, आणि मला हे अनुभवाने ठाऊक आहे, असा पत्राचा आशय आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लिंकन यांचा मुलगा विली वारला होता. पत्रात त्यांनी त्याची कहाणी सांगितली नाही, ‘अनुभव आहे’ एवढ्यावर ते थांबले. स्वतःचे दुःख मध्ये न आणता स्वतःच्या दुःखाच्या जोरावर दुसऱ्याला आधार कसा द्यावा, हे या पत्रात दिसते.

याच मुद्द्याला 2013 साली सुझन सिल्क या मानसशास्त्रज्ञ आणि बॅरी गोल्डमन यांनी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधल्या लेखात नियमाचे रूप दिले. ज्याच्यावर संकट आले तो मध्यभागी. त्याच्याभोवती घरच्यांचे वर्तुळ, मग मित्रांचे, मग सहकाऱ्यांचे. आपल्यापेक्षा आतल्या वर्तुळातल्या माणसाला फक्त आधार द्यायचा आणि आपली तगमग बाहेरच्या वर्तुळातल्या माणसाजवळ मोकळी करायची. ‘आय अ‍ॅम शॅटर्ड, आय कान्ट स्टॉप क्राइंग’ असे विधवा झालेल्या मैत्रिणीला लिहिले की तिलाच आपले डोळे पुसावे लागतात.

शेवटी मदतीचे वाक्य. ‘लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग’ आपण मनापासून लिहितो, पण त्यामुळे काय मागायचे हे ठरवण्याचे काम दुःखातल्या माणसावर पडते. नेमके लिहावे : ‘आय विल टेक युअर मंडे अँड ट्यूजडे लेक्चर्स’. किंवा ‘आय कॅन पिक अप युअर सिस्टर फ्रॉम द एअरपोर्ट’. त्याखाली ‘प्लीज डोन्ट फील यू हॅव टू रिप्लाय’ ही ओळ जोडली की त्या माणसाच्या मनावरचे उत्तराचे ओझेही उतरते. आणि गेलेल्या माणसाची एखादी आठवण आपल्याजवळ असेल तर ती जरूर लिहावी. परीक्षेच्या केंद्राबाहेर ते आम्हा सगळ्यांसाठी पाण्याची बाटली घेऊन उभे राहत, एवढीशी आठवणही चालेल. घरची माणसे असे संदेश जपून ठेवतात.

‘विश’, ‘होप’ आणि मराठी प्रत्यय

आता व्याकरण. शुभेच्छांच्या इंग्रजीतली सर्वांत मोठी गल्लत ‘विश’पाशी होते. ‘आय विश यू विल पास’ असे लिहिले जाते. ‘विश’पुढे पूर्ण वाक्य आले की इंग्रजीत त्याचा रोख न घडलेल्या किंवा घडणे कठीण असलेल्या गोष्टीकडे जातो. ‘आय विश यू वुड स्टडी’ ही तर सरळ तक्रार आहे : अभ्यास करशील तर बरे! म्हणून साधी सवय लावून घ्यावी. ‘विश’पुढे नाम : ‘आय विश यू सक्सेस’, ‘आय विश यू अ स्पीडी रिकव्हरी’. पूर्ण वाक्य लिहायचे असेल तर ‘होप’ : ‘आय होप द इंटरव्ह्यू गोज वेल’. ‘बेस्ट ऑफ लक’ सुटे म्हणता येते, पण वाक्यात घेताना ‘आय विश यू द बेस्ट ऑफ लक’ असे ‘द’ लागते. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून आपल्या हातून ते नेहमी सुटते.

दुसरी गल्लत आपल्या विभक्तीमुळे होते. ‘तुला पाठिंबा देतो’ यातला ‘ला’ इंग्रजीत ‘टू’ होऊन येतो आणि ‘आय सपोर्ट टू यू’ असे वाक्य तयार होते. सपोर्ट, एन्करेज, इन्स्पायर, कन्सोल या सगळ्या क्रियापदांपुढे माणूस थेट येतो : ‘आय सपोर्ट यू’. ‘त्यांनी मला शिकायला उत्तेजन दिले’ हे ‘दे एन्करेज्ड मी टू स्टडी’ असे होईल. ‘टू’ येईल तो माणसाआधी नव्हे, कृतीआधी. तसेच ‘तुझ्यावर विश्वास आहे’ यातल्या ‘वर’चा ‘ऑन’ होतो. तिथे ‘इन’ हवे : ‘आय बिलीव्ह इन यू’. हे ‘इन’ गाळलेत तर ‘आय बिलीव्ह यू’ उरते आणि त्याचा अर्थ होतो, तू खोटे बोलत नाहीस असे मी धरून चालतो. अभिनंदन करताना ‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स ऑन युअर प्रमोशन’ लिहावे. हा शब्द नेहमी अनेकवचनीच असतो.

‘कीप पेशन्स’ आपल्याकडे सर्रास चालते. रूढ इंग्रजी प्रयोग ‘बी पेशंट’ असा आहे. पण संकटातल्या माणसाला तोही लिहू नये. मराठीतल्या ‘धीर धर’मध्ये माया आहे, इंग्रजीतल्या ‘बी पेशंट’ला दटावणीचा सूर आहे. ‘आशा सोडू नकोस’ लिहिताना ‘लूज’च्या स्पेलिंगकडे लक्ष द्या. गमावणे या अर्थाच्या शब्दात एकच ‘ओ’ आहे, दोन ‘ओ’ झाले की तो सैल या अर्थाचा होतो. फोन ही चूक दाखवेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

वेळ आणि पायरी

काही वाक्प्रयोग फक्त एका प्रसंगाचे असतात. ‘ब्रेक अ लेग’ हे रंगमंचावर जाणाऱ्या कलावंताला म्हणायचे. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी मैत्रिणीला ते जरूर पाठवा, पण शस्त्रक्रियेला निघालेल्या काकांना किंवा मॅरेथॉन धावणाऱ्याला नको. ‘हँग इन देअर’ संकट चालू असतानाचे आहे. परीक्षेला अजून महिना असलेल्या मुलाला ते लागू नाही, रात्रपाळ्यांनी थकलेल्या निवासी डॉक्टरला लागू आहे. ‘फिंगर्स क्रॉस्ड’ निकाल लागायचा असेल तेव्हा आणि नाते मोकळे असेल तेव्हा. ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ शब्दांनी निरुपद्रवी दिसते, पण खेळात हरलेल्याला गंमतीने म्हणण्यापलीकडे ते वापरू नये. नोकरी गेलेल्याला ते टोचते. ‘ऑल द बेस्ट फॉर युअर फ्युचर एन्डेव्हर्स’ हे तर नोकरीसाठी नकार कळवणाऱ्या पत्रांचे ठरलेले शेवटचे वाक्य होऊन बसले आहे. पंधरा वर्षे शेजारी बसलेला सहकारी निवृत्त होताना त्याला हे लिहू नका.

पायरीचे भान कौतुकात विशेष लागते. ‘वेल डन’, ‘गुड जॉब’, ‘कीप इट अप’, ‘प्राउड ऑफ यू’ ही वाक्ये मोठ्याने लहानाला किंवा बरोबरीच्याला म्हणायची. वरिष्ठांना लिहिताना निवाडा न देता आपल्याला काय मिळाले ते सांगावे : ‘आय लर्न्ट अ लॉट फ्रॉम द वे यू हँडल्ड द क्वेश्चन्स’. ब्रिटिश आणि अमेरिकी वाचकांमधला एक फरकही माहीत असावा. ‘क्वाइट गुड’ हे अमेरिकी माणसाला कौतुक वाटते, ब्रिटिश माणसाला बहुधा ‘ठीक आहे’ इतपतच वाटते. दोघांनाही चालेल असे हवे तर ‘व्हेरी गुड’ लिहावे, आणि काय आवडले तेही लिहावे.

संस्थेच्या वतीने हुरूप देताना सर्वनामे तपासा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, 1939 मध्ये, ब्रिटिश सरकारने जनतेचे मनोधैर्य टिकवण्यासाठी भित्तिपत्रके छापली. त्यांतल्या एकावरचा मजकूर असा होता : ‘युअर करेज, युअर चीअरफुलनेस, युअर रेझोल्यूशन विल ब्रिंग अस व्हिक्टरी’. धैर्य तुमचे आणि विजय आम्हाला, असा त्याचा अर्थ लोकांना लागला आणि त्यावर टीका झाली. आज प्रसिद्ध असलेले ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ हे त्याच मालिकेतले. ते मोठ्या संकटासाठी राखून ठेवले होते आणि त्या काळात फारसे लागलेच नाही. पुढे 2000 साली इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक गावच्या बार्टर बुक्स या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची प्रत सापडली आणि ते जगभर पसरले. टीमला मेल लिहिणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने ‘युअर’ आणि ‘अस’ची ती जोडी लक्षात ठेवावी. ‘युअर हार्ड वर्क विल हेल्प अस मीट द टार्गेट’ हे वाक्य तिचेच भावंड आहे.

आजारी माणसाला

साधा ताप, हाड मोडणे, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया यांत ‘गेट वेल सून’ योग्यच. पण जो आजार जाणार नाही असे रुग्णाला आणि आपल्याला दोघांनाही माहीत आहे, तिथे ‘सून’ हा शब्द क्रूर होतो. ‘थिंकिंग ऑफ यू’ लिहावे. त्यात कोणतीही खोटी हमी नाही.

कर्करोगाच्या रुग्णाला ‘यू आर अ फायटर’ लिहिण्याची रीत आहे. आपली वृत्तपत्रेही ‘झुंज’ हाच शब्द वापरतात. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात भाषातज्ज्ञ एलेना सेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण वापरत असलेल्या रूपकांचा अभ्यास केला. लढाईच्या भाषेने काही रुग्णांना बळ मिळते, तर काहींना आजार वाढला की आपण लढण्यात कमी पडलो म्हणून अपराधी वाटते, असे त्यांना दिसले. म्हणून सरसकट नियम करण्याऐवजी रुग्ण स्वतः कोणते शब्द वापरतो ते पाहावे. तो ‘आय विल बीट धिस’ म्हणत असेल तर आपणही लढाईचे शब्द वापरावेत. तो फक्त थकवा आणि पुढची केमोची तारीख सांगत असेल तर थकव्याबद्दल आणि तारखेबद्दल बोलावे.

नैराश्यातल्या माणसाला ‘चीअर अप’ किंवा ‘स्टे पॉझिटिव्ह’ लिहू नये. आनंदी होणे त्याच्या हातात असते तर तो झालाच असता. ‘धिस साउंड्स रिअली हार्ड. आय अ‍ॅम हिअर, अँड आय विल कॉल यू धिस इव्हनिंग’ हे लिहावे आणि संध्याकाळी खरोखर फोन करावा.

मुलांच्या वह्यांवर

इंग्रजी माध्यमाच्या शाळांतले शिक्षक आणि घरी वह्या पाहणारे आईवडील यांनी एक प्रयोग जाणून घ्यावा. 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांचे हुशारीबद्दल कौतुक केले, काहींचे मेहनतीबद्दल. पुढे कठीण कोडी आल्यावर हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर नाउमेद झाली, मेहनतीचे कौतुक झालेली टिकून राहिली. वहीवर ‘ब्रिलियंट’ किंवा ‘जीनियस’ लिहिण्याऐवजी मुलाने काय केले ते लिहा : ‘यू फाउंड युअर ओन मिस्टेक इन स्टेप थ्री’. मुलाला ते समजते आणि पुढच्या वेळी तो तिसरी पायरी पुन्हा तपासतो. ‘कॅन डू बेटर’ हा शेरा मात्र बंद करावा. कसे करायचे हे त्यातून कळत नाही, कमी पडलो एवढेच कळते.

लिहून झाल्यावर मजकूर ज्याला पाठवायचा त्याचे नाव घेऊन मोठ्याने वाचा. उद्गारचिन्हे मोजा. अभिनंदनात एक चालते, शोकात एकही नाही. सगळी अक्षरे मोठी टाइप केली असतील तर बदला, कारण इंग्रजी वाचकाला ते ओरडल्यासारखे वाटते. दुःखाच्या प्रसंगी ‘यू’ऐवजी एकच अक्षर लिहिण्याची काटकसर करू नका.

आणि समोरचा माणूस मराठी असेल तर आधी विचार करा की हे इंग्रजीत का लिहीत आहात. पुष्कळदा इंग्रजी निवडली जाते ती तिच्यात थोडे दूर उभे राहता येते म्हणून. दुःखात किंवा आजारात असलेल्या मराठी माणसाला तेवढे अंतर नको असते. त्याला चार ओळी मराठीत लिहा.